साउंडप्रूफिंगच्या नावाखाली गाडीत डांबर: जुन्या गाड्यावाल्यांनो, सावध राहा

जुन्या गाडीच्या आत येणारा इंजिनाचा आवाज बंद करून देतो म्हणणाऱ्या नागपुरातल्या एका दुकानदारानं माझ्याकडून ३८ हजार रुपये घेतले आणि गाडीत डांबराच्या पट्ट्या चिकटवून दिल्या. दुसऱ्या कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहितो.

गाडी १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री. बाबांनी हौसेनं घेतलेली, वरूडकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेतल्या शेडमध्ये असते. इंग्लंडात ही गाडी १९६२ ते १९८० निघत होती. हिची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, हेराल्ड या गाडीवरून घेतलेली आणि हेराल्ड आपल्याकडे मद्रासला बनायची, म्हणून सुट्या भागांचं आजवर कसंबसं निभावलं. बाबांच्या कानाला आता मशीन आहे. गाडीनं वेग घेतला की त्या मशीनमध्ये नुसता गोंगाट शिरतो आणि स्वतःच्याच गाडीत बसणं त्यांना नकोसं होतं. त्यांना पुन्हा सुखानं फिरवता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

मृग बहाराचा हिशेब हाती आल्यावर गाडी नागपूरला नेली. दुकानदारानं काउंटरवर ब्युटिल रबराची शीट ठेवली, वर जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. ताणून दाखवली, लायटर लावून दाखवला. "भाऊ, इंजिन चालू हाय का बंद, तेही नाही समजणार तुम्हाले," असं छातीठोकपणे सांगितलं. नमुना अस्सलच होता. गाडीत लागलं ते वेगळं.

मोबाइलवरच्या आवाज मोजण्याच्या अ‍ॅपचा खेळ तर नीट समजून घ्या. कामाआधी त्यानं इंजिन थंड असताना चोक ओढून गाडी सुरू केली. चोक ओढला की इंजिन जास्त फेऱ्यांवर चालतं, त्यात काचा खाली. आकडा आला ८६ डेसिबल. काम झाल्यावर इंजिन आधीच तापवून ठेवलेलं, चोक आत, काचा बंद. आकडा ७२. मला तो फरक शीटचा म्हणून दाखवला. खरं मोजमाप हवं असेल तर दोन्ही वेळा तोच रस्ता, तोच वेग, तोच गिअर, काचा तशाच आणि मोबाइलही त्याच जागी पाहिजे.

मे महिन्यात बिंग फुटलं. आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून जास्त. कार्पेटखालून डांबराचा उग्र वास यायला लागला आणि गिअरबॉक्सच्या बाजूनं काळा चिकट ओघळ पायाजवळ उतरला. बाबांची चप्पल त्यात रुतली. आमच्या गावाकडच्या जुन्या मिस्त्रींनी कार्पेट उचललं, बोटानं चोळून वास घेतला आणि म्हणाले, "भाऊ, हे त छताचं डांबर व्हय. स्लॅब गळाला का लावतेत ते." वर पातळ चंदेरी कागद होता, एवढंच काय ते साम्य.

पट्टी उचलली तशी तिच्यासोबत गंजाचे पापुद्रे आले. पत्रा घासून साफ न करताच वरून चिकटवलं होतं. एक पावसाळा तसाच गेला असता तर पाणी आत अडकून फ्लोअरच सडला असता. याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आला.

आणि आवाज येत होता तो भलतीकडूनच. या गाडीत गिअरबॉक्सवरचं झाकण दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या फायबरचं असतं. आमचं चिरलं होतं. त्या दुकानानं चिरेवरूनच पट्टी मारून ती झाकून टाकली. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यात वायरी जातात तिथले ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्या, गायब होते, ती भोकं तशीच उघडी. इंजिनाखालची माउंटिंग रबरं दगडासारखी कडक, त्यामुळे सगळी थरथर चेसीत उतरत होती. मिस्त्रींनी रबरं बदलली, ग्रोमेट बसवले, झाकण नवं केलं. शीटचा एक तुकडाही न लावता निम्म्याहून जास्त त्रास गेला. बाबा आता शेजारी बसून बोलतात.

ब्युटिल शीट वाईट नाही. पण तिचं काम पत्र्याची थरथर थांबवणं. भोकातून येणारा आवाज ती अडवत नाही. पत्रा पूर्ण मढवायचीही गरज नसते, पाव-एक भाग झाकला तरी बहुतेक फायदा मिळतो. म्हणून जो माणूस गाडीखाली न शिरता थेट चौरस फुटाचा भाव सांगतो, त्याच्याकडे गाडी देऊ नका. रात्री बॉनेटमध्ये टॉर्च लावून केबिनमध्ये अंधारात बसा; जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. शीट लावण्याआधी त्याच रोलचा तुकडा मागून घ्या आणि टिनावर उभा चिकटवून भर उन्हात दोन-चार दुपारी राहू द्या. डांबर असेल तर घसरतं, वास सोडतं.

माझ्या बिलावर फक्त "साउंडप्रूफिंग काम पूर्ण" एवढंच होतं. मालाचं नाव, जाडी, कंपनी काहीच नाही, आणि दुकानदार आता त्याच्याच आड लपतोय. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची, आणि माहितीसाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. मी अमरावतीला तक्रार दाखल केली आहे. तुमच्या गाडीतही असं डांबर निघालं तर काढण्याआधी फोटो घ्या, एक तुकडा पत्र्याच्या गंजासकट पिशवीत बांधून बिलासोबत ठेवा.