‘पेचेक’: कथा की चित्रपट?

फिलिप के. डिक यांची मूळ कथा १९५३ची, जॉन वू यांचा चित्रपट २००३चा. नायक जेनिंग्ज दोन्हीकडे इंजिनिअर. कामाची आठवण पुसून घेतो आणि मोबदल्याऐवजी हाती येतात किरकोळ वस्तू. कथेत दोन वर्षं, सात वस्तू. चित्रपटात तीन वर्षं, वीस वस्तू.

हा आकडाच सगळा फरक पाडतो. कथेतल्या बारीक तारेनं पोलिसांच्या गाडीचं कुलूप उघडतं, लगेच बसचं टोकन कामी येतं. सातच वस्तू असल्यानं प्रत्येक लक्षात राहते आणि पुढची कुठे लागेल याचा अंदाज वाचक बांधू लागतो. वीस वस्तूंत ती मजा पातळ होते. काही तर पाठलागापुरत्याच येतात.

जेनिंग्ज ज्यावर काम करत होता ते भविष्य दाखवणारं यंत्रही वेगळं. कथेत भविष्य दिसतंच, शिवाय तिथून वस्तू उचलूनही आणता येते, म्हणून सात वस्तूंतल्या पावतीचा शेवटचा धागा चोख जुळतो. चित्रपटातलं यंत्र फक्त दाखवतं. पण भाकीत कळल्यामुळेच युद्ध ओढवतं, हा धोका चित्रपटच ठसवतो. कथेतला जेनिंग्ज काम देणाऱ्या कंपनीत भागीदारी मागतो, चित्रपटातला यंत्रच नष्ट करतो.

कोड्यासाठी कथा निःसंशय सरस. बेन अफ्लेक, उमा थर्मन आणि मोटरसायकलचा पाठलाग हवा असेल तर चित्रपट पाहा, पण कथा आधी वाचून.