दहा मिनिटांत पांढरं करून देणाऱ्यांपासून सावध : बाथरूमच्या सिलिकॉनवरची बुरशी

गणपती उठले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ही मंडळी दारोदार फिरायला लागतात. चार महिने पाऊस, खिडक्या बंद, बाथरूम धड सुकत नाही. शॉवरच्या कोपऱ्यातली, भिंत-फरशीमधली फट बुजवणारी सिलिकॉनची पट्टी काळी पडलेली असते आणि दिवाळीची साफसफाई तोंडावर आलेली असते. शहापूर-वडगावात मराठी, गोकाककडे कानडी, पण बोलणं तेच: "काकू, स्पेशल केमिकल हाय. दहा मिनिटांत बघा. पाच वर्षं गॅरंटी."

कॅनवर लेबल नसतं. वास मात्र ओळखीचा असतो. ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट असतं, किराणा दुकानात मिळतं तेच. त्यात भिजवलेला टिश्यू काळ्या डागावर चिकटवायचा, दहा मिनिटांनी उचलायचा. खाली पट्टी पांढरी. इथंच माणूस फसतो, कारण डोळ्यांना दिसतं ते खोटं नसतं. रंग खरंच जातो. बुरशी नुसती वर असेल तर तीही मरते. पण पट्टीच्या मागे पाणी शिरून ती आतून काळी झाली असेल तर ब्लीच तिथवर पोचतच नाही. काही आठवड्यांत डाग त्याच जागी, त्याच आकारात वर येतात. तोवर गॅरंटी कार्डावरचा मोबाइल बंद.

हीच परीक्षा घरी फुकटात होते. हातमोजे घालावेत, खिडकी उघडावी, टिश्यूची वळी घरगुती ब्लीचमध्ये भिजवून डागावर दोन-तीन तास ठेवावी आणि भरपूर पाण्यानं धुवावं. डाग गेला आणि परत आला नाही तर कुणाला पैसे द्यायचं कारणच नाही. मात्र त्याच वेळी संडास धुवायचं ॲसिड किंवा व्हिनेगर जवळपासही वापरू नये; ब्लीचशी मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये जीव घुसमटतो. काही जण ब्लीचऐवजी थेट ॲसिडच मारतात. त्यानं फटींतलं सिमेंट खाल्लं जातं, नळांची चकाकी जाते आणि संगमरवरी कट्टा असेल तर तो कायमचा डागाळतो.

डाग परत आला की पट्टी बदलायला हवी, आणि मोठी लूट इथं होते. जुनी पट्टी न काढता वरूनच नवीन ओढतात. तासाभरात काम खलास, दिसायलाही झकास. पण वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. महिन्याभरानं कडेला नख घालून बघा, सबंध पट्टी केळीच्या सालीसारखी सुटून येते आणि खाली जुना काळा थर जसाच्या तसा. दुसरी चलाखी म्हणजे सिलिकॉनच्या नावाखाली ॲक्रिलिकची ट्यूब. ती भिंतीच्या भेगा भरायला ठीक, सततच्या पाण्यात टिकत नाही. ओली असताना ओल्या बोटानं पुसा: दुधासारखं पाणी सुटलं तर ॲक्रिलिक. सिलिकॉन पाण्यानं पुसलं जात नाही, उलट बोटाला चिकटून बसतं.

बिलात "४ ट्यूब" लिहिलं असेल तर हिशेब करा. २८० मिलीची ट्यूब ६ मिमी रुंद, ६ मिमी खोल फटीत साडेसात मीटरच्या वर पुरते. शॉवरच्या तीन बाजूंची तळकड आणि दोन उभे कोपरे धरले तरी सात मीटरच्या आसपास. एक ट्यूब, फार तर दोन. रिकाम्या ट्यूबा मागून घ्याव्यात आणि त्यावरची मुदत वाचावी. मुदत संपलेलं सिलिकॉन नीट वाळत नाही, चिकटच राहतं.

चोख काम तासात होतच नाही. आधी कटरनं पट्टीच्या दोन्ही कडा कापून ती ओढून काढायची, उरलेला पापुद्रा प्लास्टिकच्या खरवडणीनं काढायचा. फट ब्लीचनं पुसून धुवायची आणि किमान एक दिवस, पावसाळी हवेत दोन दिवस, पूर्ण सुकू द्यायची. बहुतेक कामं बिघडतात ती याच पायरीला, कारण थांबायला कुणी तयार नसतं. मग स्पिरिटनं पुसायचं, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायची, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन एका दमात ओढायचं, बोटानं दाबून सपाट करायचं आणि वर साय धरायच्या आत टेप काढायची. संगमरवर असेल तर 'न्यूट्रल' लिहिलेलीच ट्यूब हवी. व्हिनेगरसारखा वास येणारी दगड खराब करते. त्यानंतर २४ तास शॉवर बंद.

म्हणजे कारागिराच्या किमान दोन खेपा. पहिल्याच खेपेत सगळे पैसे मागणाऱ्याला नको म्हणावं. अर्धे जुनी पट्टी निघालेली बघून, अर्धे नवी वाळल्यावर. ओल्या फरशीवर ओल मोजायचा मीटर टेकवून "खालच्या घरात पाणी उतरतंय" असं घाबरवणारेही असतात. ओल्या जागी मीटर वाजणारच.

पैसे गेलेच असतील तर बिल, यूपीआयची नोंद आणि पट्टीचे फोटो जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. बिलच घेतलं नसेल तर निदान यूपीआयच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.