बीड म्हणून पत्रा दिला: 10,600 रुपयांना गंडा

10,600 रुपये. बिडाचं (ओतीव लोखंडाचं) एनॅमल केलेलं 24 सेंटिमीटरचं कॅसरोल, म्हणजे झाकणाचं शिजवायचं भांडं, 3,850, स्टीलचा पाच भांड्यांचा ‘ट्रायप्लाय’ म्हणजे तीन थरांचा सेट 6,400, वर ‘आजीवन वॉरंटी कार्ड’चे 350. सोलापुरात विजापूर रोडला एका मंगल कार्यालयात चार दिवसांचा सेल लागला होता, एक्स्पोर्टचा उरलेला माल म्हणून 70 टक्के सूट. असले सेल कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. तरी फसलो. सांगायची लाज वाटते, पण गप्प बसलो तर तीच मंडळी पुढच्या पेठेत जातील.

हाव नडली म्हणाल, तर तसं नाही. टेबलावरचं भांडं खरंच बिडाचं होतं. दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. भिंत जाड, काठावर रंगाऐवजी काळपट मंद कड, झाकण टेकवलं की जड आवाज. घरात बिडाचा तवा वापरणाऱ्या माणसाला एवढं कळतं. फसवणूक पारखण्यात झालीच नाही, खोक्यात झाली. दाखवलं एक, बांधून दिलं दुसरं. खोक्याला चारी बाजूंनी टेप. ‘सील इथे फोडलं तर वॉरंटी जाते, काका.’

तिथेच थांबायला हवं होतं. आणि तिथे नाही तर निदान बाहेर, गाडीपाशी. पिशवी मी दोन बोटांवर धरून पार्किंगपर्यंत आणली. 24 सेंटिमीटरचं खरं बिडाचं कॅसरोल झाकणासकट चार किलोच्या वर जातं. पिशवीचा बंद बोटांत रुतायला हवा होता, वळ उठायला हवे होते. काही नाही. बोटं सांगत होती आणि मी किल्ली शोधत होतो. अजून रात्री तेच आठवतं.

घरच्या काट्यावर भरलं 1 किलो 900 ग्रॅम. म्हणजे दाबून आकार दिलेला पत्रा, वर एनॅमलचा पातळ हात. एनॅमल ही शेवटी काचच. बिडावर ती टिकते कारण बीड जाड असतं, हळू तापतं आणि वाकत नाही. पत्रा गॅसवर मधोमध तापून फुगतो, काच त्याच्याबरोबर वाकत नाही, मग तडकते. तिसऱ्या दिवशी डाळ मध्येच करपली, आणि घासताना नखाएवढा टवका निघाला. खाली बिडाचा करडा रवाळपणा नव्हता, गुळगुळीत पत्रा होता. आतून टवका उडालेल्या भांड्यात शिजवू नका, काचेचे कण पोटात जातात. खऱ्या बिडाचंही एक सांगतो: रिकामं मोठ्या आचेवर ठेवू नका, तापल्यावर गार पाणी ओतू नका. चांगलं एनॅमलसुद्धा तडकेल.

आता स्टील. बुडावर ‘304’ कोरलेलं. कोरणं म्हणजे पुरावा नव्हे, लेझरवाला तुम्ही सांगाल तो आकडा कोरून देतो. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 या स्वस्त प्रतीत महागडं निकेल कमी करून मँगेनीज घालतात. चकाकी तीच, पण मीठ-चिंचेला टिकाव कमी. रात्रभर आमटी राहिली आणि सकाळी तळाला तांबूस ठिपके. भंगारच्या धंद्यातल्या ओळखीच्या माणसाने तपासणीच्या रसायनाचा थेंब टाकून बॅटरी लावली, लालसर रंग आला. 200 च्या मालिकेतलं स्टील.

सेलमधला पोरगा लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही म्हणजे 304’ म्हणत होता. साफ खोटं, 202 लाही चिकटत नाही. उलट इंडक्शनवर चालणाऱ्या ट्रायप्लायचा बाहेरचा थर सहसा 430 चा, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा असतो, म्हणून बाहेरून बुडापासून काठापर्यंत चुंबक धरायला हवा. आमच्या भांड्याला बुडाला धरला, भिंतीला नाही. म्हणजे बुडालाच ॲल्युमिनियमची चकती आणि तिच्यावर चुंबक धरणारं स्टील, भिंत एकेरी पत्र्याची. दूध कडेने लागतं ते त्यामुळे. त्या पोराने हे माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवलं आणि मी मान डोलावली!

पाचव्या दिवशी कार्यालय रिकामं. मालक म्हणे, आम्ही फक्त हॉल भाड्याने दिला. चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. तिथे विचारलं, समोरच्याचा पत्ता आणि बिल कुठे? बिल म्हणून हाती ‘एस्टिमेट’ची चिठ्ठी, ना नाव ना जीएसटी क्रमांक. वजनमापाच्या कार्यालयात साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा गेलो तर खोक्यावर किंमत छापलीय ना, मग आमचं काम नाही. अहो, खोक्यावर उत्पादकाचा पत्ताच नाही, तो बघणं कोणाचं काम? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. सहा हेलपाटे झाले, आणि प्रत्येक टेबलावर आधी मलाच विचारतात, ‘बघून नाही का घेतलं?’ चोर पकडायचा सोडून गिऱ्हाइकाची उलटतपासणी!

पैसे देताना फोनवर कोणाचं नाव येतं ते वाचा. माझ्या स्क्रीनवर एका व्यक्तीचं खासगी नाव होतं, दुकानाचं नव्हे. पक्कं बिल नाही तर माल नाही. खोकं तिथेच फोडा. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस 14756. आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक (परवान्याचा नंबर) भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा ते दिसतं, दोन मिनिटांचं काम. फसलातच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून क्रमांक जपा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, मुदत 2 वर्षांची. पण समोरच्याचा पत्ता लागतोच, म्हणून पैसे देण्याआधी फलकाचा, माणसांचा, गाडीच्या नंबराचा फोटो काढा.

काल अक्कलकोट रोडला तसाच पिवळा फलक दिसला, ‘फक्त 3 दिवस’. जाणार असाल तर बॅगा तोलायचा हुकाचा काटा बरोबर न्या आणि 24 सेंटिमीटरच्या बिडाच्या कॅसरोलचं बंद खोकं त्याला अडकवा. चार किलोच्या खाली भरलं तर पिशवी तिथेच ठेवा.