पहिल्यांदा ट्विस्ट घालताना: आधीच ताणलेले कृत्रिम केस

कुरळ्या केसांवर पहिल्यांदाच दोनपदरी ट्विस्ट (दोन बटा एकमेकींभोवती गुंडाळून केलेले पीळ) घालायचे, तर हे केस, म्हणजे धागे आधीच कमीजास्त लांबीवर ओढून ठेवलेले जोडकेस, उत्तम. टोकं निमुळती असल्याने पीळ खाली जाड राहत नाही. गरम पाण्यात बुडवली की उलगडतही नाहीत. खोट एकच, पण मोठी: धाग्यावरच्या लेपाने अनेकांच्या टाळूला खाज सुटते. आदल्या दिवशी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, पांढरट थर सुटला की धुऊन पूर्ण वाळवा.

ट्विस्ट घालणाऱ्याला कपाळाकडच्या बटा सैलच धरायला सांगा. पुटकुळ्या किंवा ठणका म्हणजे मुळांवर ताण; तो पीळ लगेच सोडवा, नाहीतर तिथले केस विरळ होतात. रात्री सॅटिनची टोपी. टाळू दर दोन आठवड्यांनी पातळ केलेल्या शाम्पूने धुवा, ओल राहिली तर कुबट वास येतो. 6 ते 8 आठवड्यांत काढाच. पुढे मुळाशी गुंता बसतो.