भाडेकराराची घरपोच नोंदणी: सेवा चांगली, मसुदा मात्र तपासूनच घ्यावा

ठाण्यातील वर्तकनगरमधली आमची वन बीएचके सदनिका यंदा नव्या भाडेकरूंना देताना, लिव्ह अँड लायसन्स कराराची घरी येऊन नोंदणी करून देणाऱ्या एका स्थानिक एजंटाची सेवा आम्ही घेतली. भाडे दरमहा 22,000 रुपये, अनामत 75,000 आणि मुदत 11 महिन्यांची. एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामतीवर दर साल 10 टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागते; आमचे ते सुमारे 620 रुपये झाले. महापालिका हद्दीतली नोंदणी फी 1,000 रुपये. एजंटाने सगळे मिळून 3,200 घेतले, म्हणजे जवळपास निम्मी रक्कम त्याच्या कामाची, आणि ती मला वाजवी वाटली. हा खर्च आम्ही आणि भाडेकरूंनी अर्धा अर्धा वाटून घेतला.

वाजवी वाटण्याचे कारण माझी आई. सदनिका आम्हा दोघींच्या नावावर आहे आणि आईचे वय 78. तिच्या बोटांवरच्या रेषा इतक्या पुसट झाल्या आहेत की आधारच्या यंत्रावर अंगठा तीनदा नापास झाला. एजंटाकडून आलेल्या मुलाने ओल्या फडक्याने तिची बोटे पुसली आणि "आजी, घाई नाही, दुसरं बोट बघू," असे म्हणत एकेक बोट ठेवून पाहिले. अखेर डाव्या हाताच्या तर्जनीचा ठसा उमटला. नोंदणीकृत करार तिसऱ्या दिवशी हातात आला.

तक्रार आहे ती मसुद्याबद्दल. त्यात अनामत 25,000 रुपये लिहिली होती आणि उरलेले 50,000 रोख घ्यावेत, असे सुचवले होते. विचारल्यावर उत्तर आले, "काकू, शुल्क कमी बसतं, सगळे असंच करतात." मी तिथेच हिशेब मांडला, तर वाचणारे शुल्क साडेअकरा रुपयांच्या आसपास निघाले. साडेअकरा रुपयांसाठी त्या नवराबायकोने 50,000 रुपये कुठल्याही कागदाविना आमच्या हाती ठेवायचे! अनामत, दलाली आणि पहिले भाडे एकदम उभे करताना त्यांची झालेली ओढाताण मी पाहिली होती. त्यामुळे पूर्ण रक्कम लिहून घेतली आणि ती बँकेतूनच स्वीकारली. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे सरसकट कापण्याचे कलमही काढायला लावले. सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ती रक्कम, भाडेकरूंच्या माथी मारलेले होते, तेही आमच्याकडे घेतले. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक ते आकारता येत नाही, त्यामुळे मालकाला ते जड जाऊ नये.

11 महिन्यांचा करार नोंदवला नाही तरी चालतो, असे आमच्या इमारतीत अजूनही अनेक जण मानतात. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या नोंदणी कायद्यात सक्ती नाही, त्यातून ही समजूत रुजली असावी. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसताना अटींवरून वाद झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते; शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. उलट करार नीट असेल आणि मुदत संपूनही ताबा मिळाला नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मिळू शकते.

पोलिस ठाण्यात भाडेकरूंची माहिती देण्याचे काम या पैशांतच होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात दोन आठवडे आठवण करून शेवटी ते मीच केले. पुढच्या वेळीही याच मुलाला बोलावेन, पण मसुदा दोन दिवस आधी आमच्याकडे आणि भाडेकरूंकडे, दोन्हीकडे पाठवायचा, असे त्याला आत्ताच सांगून ठेवले आहे.