सेव्हन आयर्न २९ अंशांचं की ३४ अंशांचं? नऊ महिने दोन्ही संच वापरल्यावर

गोल्फच्या आयर्न क्लबच्या सोलवर, म्हणजे तळावर, कोरलेला आकडा म्हणजे लॉफ्ट नव्हे. लॉफ्ट म्हणजे फेसचा, बॉलला भिडणाऱ्या बाजूचा, मागे झुकलेला कोन. तो जितका कमी, तितका बॉल लांब जातो. सरावाच्या रेंजवर नव्या संचाचं सेव्हन मारून ‘दहा यार्ड वाढले की!’ म्हणणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा जुन्या हिशोबातलं सिक्स आयर्न असतं. टायटलिस्टच्या टी१०० या पारंपरिक घडणीच्या संचात सिक्स ३० अंशांचं आणि सेव्हन ३४ अंशांचं. त्याच कंपनीच्या टी३५० मध्ये सेव्हन २९ अंशांचं, पिंगच्या जी४३० मध्येही २९ अंशांचंच. ज्याला ‘सात’ म्हणून विकतात ते पारंपरिक ‘सहा’पेक्षाही अंशभर उभं आहे. हे आधी डोक्यात बसलं तरच पुढच्या तुलनेला अर्थ आहे.

आलटून पालटून वापरलेले दोन संच असे. पहिला कार्बन स्टीलचा फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, मागे लहानशी खोबण, सेव्हन ३४ अंश, लांबी ३७ इंच, शाफ्ट १२० ग्रॅमचा स्टील. दुसरा पोकळ हेडचा, पातळ फेस, टोच्या, म्हणजे शाफ्टपासून दूरच्या टोकाच्या, बाजूला टंगस्टनचं वजन, सेव्हन २९ अंश, लांबी ३७.२५ इंच, शाफ्ट ९५ ग्रॅमचा स्टील. ग्रिप आणि लाय अँगल (शाफ्ट आणि जमीन यांतला कोन) दोन्हींना सारखेच, बॉल एकाच जातीचा, युरेथेन कव्हरचा. खेळणारा १४ हँडिकॅपचा, म्हणजे फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण चौदा जास्त घेणारा, सेव्हनला क्लबचा वेग ताशी ८० मैलांच्या आसपास. काळ ऑक्टोबर ते जून, म्हणजे पाऊस सरल्यानंतरचं हिरवंगार मैदान, मे महिन्यातली टणक जमीन आणि पहिल्या पावसाचा चिखल, तिन्ही आले. आकडे पुण्यातले आहेत. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर बॉल साधारण दोन टक्के जास्त जातो, त्यामुळे मुंबईत प्रत्येक क्लबमागे दोन-तीन यार्ड वजा धरावेत.

फेसच्या मधोमध बसलेल्या फटक्यांची कॅरी, म्हणजे बॉल जमिनीला टेकेपर्यंतचं हवेतलं अंतर, पारंपरिक सेव्हनला १३८ यार्ड, पोकळ सेव्हनला १४९. फरक ११ यार्ड. आता पारंपरिक सिक्स घ्या, ३० अंशांचं. त्याची कॅरी १४७. म्हणजे अकरापैकी नऊ यार्ड नुसत्या लेबलाचे. उरलेले दोन पातळ फेस, पाव इंच जास्त लांबी, हलका शाफ्ट आणि एक अंश कमी लॉफ्ट यांचे मिळून. जाहिरातीत ज्या अंतरावर भर असतो ते एवढंच.

मग दुसरा संच फसवा म्हणायचा का? अजिबात नाही. त्याची खरी किंमत चुकलेल्या फटक्यात कळते. बॉल टोच्या बाजूला अर्धा इंच सरकून लागला, तर फोर्ज्ड सेव्हन १३ ते १५ यार्ड गमावतं, फेस वळतो आणि हाताला झिणझिण्या येतात. पोकळ हेड तेवढ्याच चुकीवर पाच-सहा यार्डच सोडतं आणि दिशा जवळपास राखतं. फेसच्या अगदी खालच्या ग्रूव्हवर (खाचेवर) लागलेला पातळ फटका, जो आपल्यासारख्या हँडिकॅपवाल्यांचा रोजचा, तोही ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, पुढच्या काठापर्यंत पोहोचतो. कारण सरळ आहे. वजन मधून काढून कडांना आणि खाली नेलं की हेड सहज वळत नाही. कार्स्टन सोल्हाइम यांनी पिंगच्या क्लबांत वजन परिघाकडे नेण्याची जी वाट पाडली, तिचंच हे आजचं रूप. गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे २९ अंशांचा क्लब ३० अंशांच्या फोर्ज्डच्या जवळपास तितकाच उंच बॉल काढतो, हेही याच घडणीचं देणं. तेव्हा अंतरासाठी घेतलेला हा संच खरं तर चुका पोटात घालण्यासाठी घ्यायचा असतो.

किंमत मोजावी लागते ती ग्रीनवर. पारंपरिक सेव्हनचा स्पिन (बॉलची उलटी फिरकी) मिनिटाला ६४०० फेऱ्यांच्या आसपास, उतरतानाचा कोन ४६ अंश. पोकळ सेव्हनचा स्पिन ५१००, कोन ४२. बॉल ग्रीनवर थांबायला उतरण्याचा कोन किमान ४५ अंशांचा असावा असा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि हे चार अंश जमिनीवर स्पष्ट दिसतात. फोर्ज्डचा पिच मार्क (बॉल पडून झालेला खड्डा) खोल असतो, पुढची कड उचकटलेली, आत थोडी माती उघडी पडलेली, बॉल तिथून दोन-तीन पावलांवर. पोकळ क्लबचा मार्क लांबट आणि उथळ, नुसतं गवत दाबल्यासारखा, बॉल मात्र सहा-आठ पावलं पुढे. मे महिन्यात ग्रीन टणक असताना हा बॉल ग्रीनच्या तोंडाशीच टाकावा लागतो. समोर बंकर (वाळूचा खड्डा) आणि पिन (होलमधला झेंडा) लगेच त्याच्या मागे असेल, तर असा फटकाच हाती उरत नाही. जूनच्या सरींनंतर ग्रीन मऊ झाले की दोन्ही संचांचे बॉल जागीच बसतात. उलट समोरून वारा असेल, उदाहरणार्थ कुलाब्याला समुद्रालगतच्या युनायटेड सर्व्हिसेस क्लबवर, तिथे कमी स्पिनचा बॉल जास्त भरवशाचा. फोर्ज्डचा बॉल वाऱ्यात वर चढतो आणि तिथेच लटकतो.

रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, मात्र पोकळ संचाने सगळ्यात जास्त त्रास दिला. सुकं, अर्धवट उभं गवत फेस आणि बॉलच्या मध्ये आलं की स्पिन पडतो आणि बॉल उडी मारून पुढे जातो. हे कोणत्याही आयर्नचं होतं, पण मुळातच स्पिन कमी असलेल्या क्लबचं जास्त. १४९ चं सेव्हन अशा गवतातून १६० ला गेलं, ग्रीन ओलांडून मागच्या झुडपात. फेअरवेवरूनही, म्हणजे मधल्या छाटलेल्या गवताच्या पट्टीवरूनही, अधूनमधून एखादा बॉल काही कारण न दिसता सात-आठ यार्ड जास्त जातो. फोर्ज्ड संचात असा चकवा क्वचित. रफमध्ये गवत बॉलच्या मागे उभं दिसलं की पोकळ संचातला एक क्लब कमी घ्यावा, म्हणजे सेव्हनऐवजी एट, आणि पिन मागे असली तरी ग्रीनच्या मध्यावरच रोखावं.

आता बॅगेच्या तळाकडे. विकत घेताना इथे कुणी बघत नाही आणि नंतर सगळं इथेच अडतं. वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचे, जास्त लॉफ्टचे क्लब. पोकळ संचाचे लॉफ्ट फाइव्हपासून पिचिंग वेजपर्यंत २३, २६, २९, ३३, ३८, ४३. फोर्ज्डचे २७, ३०, ३४, ३८, ४२, ४६. पहिल्या ओळीत वरची अंतरं तीन-तीन अंशांची आणि खालची पाच-पाच अंशांची. ८० मैलांच्या वेगाला फाइव्ह आणि सिक्समध्ये जेमतेम पाच यार्ड पडतात, नाइन आणि पिचिंगमध्ये तेरा. २३ अंशांचं फाइव्ह हे एकेकाळच्या थ्री आयर्नच्या जवळचं आहे. या वेगाला ते पुरेसं उंच उडत नाही, म्हणून ते बॅगेत ओझंच. आणि ११४ यार्डांच्या पिचिंग वेजखाली जुनी ५६ अंशांची सँड वेज ८२ ला असेल, तर मध्ये ३२ यार्डांचं भगदाड. सतत अर्धे-मुर्धे फटके मारायची वेळ येते, आणि खेळात तेच सगळ्यात अवघड.

यावर उपाय संच घेतानाच करायचा. पोकळ संच सिक्सपासून घ्या, फाइव्हचे पैसे हायब्रिडकडे (आयर्न आणि वुड यांच्या मधल्या क्लबकडे) वळवा, आणि पिचिंगखाली ४८, ५३, ५८ अशा तीन वेज बसवा. ड्रायव्हर, थ्री वुड, दोन हायब्रिड, सिक्स ते पिचिंग पाच, तीन वेज आणि पटर मिळून तेरा क्लब होतात. नियमाला चौदा चालतात, एक जागा उरते. पिंगने जी४३० मध्ये ४१ अंशांच्या पिचिंगखाली ४५.५, ५०, ५४, ५८ अशी उतरंडच ठेवली आहे, ती याच कारणाने. संचाची किंमत बघताना या वेज धरूनच बेरीज करावी. तशी केली की स्वस्त वाटणारा संच बऱ्याचदा महाग निघतो.

सोलबद्दल थोडक्यात. पोकळ हेडचा रुंद सोल ओल्या, मऊ जमिनीत रुतत नाही, आणि बॉलच्या थोडा मागे जमिनीला लागलेला फटकाही घसरून पुढे जातो. एप्रिल-मेमध्ये गवत विरळ होऊन खालची टणक माती लागते, तेव्हा तोच सोल आपटून उसळतो आणि बॉल फेसच्या कडेवर लागतो. अरुंद सोलचा फोर्ज्ड क्लब तिथे स्वच्छ निघतो. ऑफसेटही पाहावा, म्हणजे फेस शाफ्टच्या रेषेच्या किती मागे आहे ते. पोकळ संचात तो जास्त असतो, स्लाइसवाल्याला, म्हणजे ज्याचा बॉल उजवीकडे वळतो त्याला, मदत करतो, पण ज्याचा बॉल मुळातच डावीकडे वळतो त्याला आणखी डावीकडे नेतो.

देखभालीत दोघांचेही दोष दिसले. पोकळ संचाच्या एका क्लबमधून सहाव्या महिन्यात खुळखुळ ऐकू येऊ लागली. ग्रिपकडून हलवल्यावर आवाज शाफ्टमधून येत असेल तर तो सुटलेल्या इपॉक्सीचा (शाफ्ट चिकटवणाऱ्या गोंदाचा) तुकडा असतो. शाफ्ट काढून साफ केला की काम झालं. आवाज हेडच्या आतून असेल तर घरी काही करू नये, वॉरंटीत द्यावा. फोर्ज्ड संचाचं लोखंड मऊ, म्हणून मॅटवर रोज बॉल मारणाऱ्याचे लॉफ्ट वर्षभरात अंशभर सरकू शकतात. सेव्हन आणि एटमधलं अंतर अचानक कमी वाटलं तर स्विंगला दोष देण्याआधी लॉफ्ट-लायच्या यंत्रावर तपासून घ्यावेत. हाच मऊपणा उपयोगीही आहे, कारण दोन अंशांपर्यंत वाकवून घेता येतं. १७-४ जातीच्या स्टेनलेसचं कास्ट, म्हणजे ओतीव, हेड कडक असतं, तिथे एका अंशावर समाधान मानावं. पोकळ हेड वाकवायचं की नाही हे त्या मॉडेलची मर्यादा विचारूनच ठरवावं. लॉफ्ट जेवढा कमी कराल तेवढाच बाउन्सही (सोलचा जमिनीशी होणारा कोन) कमी होतो हे लक्षात असू द्या, नाहीतर दुरुस्त केलेला क्लब जमिनीत रुतायला लागतो. मुंबईच्या दमट हवेत फोर्ज्डचा क्रोम जिथे टवका उडून गेला तिथे गंज धरतोच. खेळून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून मशीन ऑइलचा हात फिरवला की पुरतं.

घेण्याआधी चाचणी अशी करावी. मॅटवर नको, गवतावर करावी, कारण मॅटवर मागे लागलेला फटकाही सोल घसरून बरा दिसतो आणि रुंद सोलला त्याचा सगळ्यात जास्त फायदा मिळतो. रेंजचे झिजलेले बॉल नकोत, स्वतःचे न्यावेत. पोकळ सेव्हनची तुलना पारंपरिक सिक्सशी करावी, सेव्हनशी नव्हे. प्रत्येकी दहा बॉल, आणि वाईट फटका यादीतून काढायचा नाही. सगळ्यात लांबचा बॉल विसरून जा. सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात दूरचा यांत किती यार्ड आहेत आणि उतरण्याचा कोन किती, एवढंच लिहून घ्या. मग हेच पिचिंग वेजला आणि संचातल्या सगळ्यात लांब आयर्नला करा. लांब आयर्न हायब्रिडपेक्षा खाली उडत असेल तर ते घेऊच नका.

माझं मत स्पष्ट आहे. ३४ अंशांच्या सेव्हनची कॅरी १२५ यार्डांच्या आत असेल तर पोकळ संच घ्यावा, हलक्या किंवा ग्रॅफाइट शाफ्टसह. फेसवर बॉल लागण्याची जागा सतत बदलत असेल तरी तोच. कॅरी १५० च्या पुढे असेल आणि फटके एका जागी बसत असतील तर पारंपरिक, कारण तिथे अंतर कमी पडत नाही, थांबणं कमी पडतं. मधल्या लोकांनी ३१ ते ३३ अंशांच्या सेव्हनचे संच आधी बघावेत, किंवा दोन संच जोडावेत. जोडताना आकडे बघून जोडू नका. पोकळ सिक्स २६ अंशांचं आणि त्याखाली फोर्ज्ड सेव्हन ३४ अंशांचं ठेवलं तर मध्ये आठ अंश उघडे पडतात. पोकळ सेव्हन, २९ अंशांचं, हेच सिक्सच्या जागी ठेवा. मग खाली ३४ पर्यंत पाच अंश उरतात आणि साखळी जुळते. बॅगेत दोन ‘सात’ होतील, तेवढ्यासाठी पोकळ क्लबच्या सोलवर लाल रंगाचा ठिपका द्यावा आणि फेरी सुरू होण्याआधी कॅडीला सांगून ठेवावं.