प्रोब हातात देऊन शिकवलेली सोनोग्राफी : काही महिन्यांच्या वापरानंतर

एमबीबीएसच्या मुलांना हँडहेल्ड प्रोबवर (अंगावर टेकवायचं, खिशात मावणारं मशीन) पोटाची सोनोग्राफी शिकवायचा हा कार्यक्रम गोव्यात काही महिने चालला. शिकवणं जमतं, मुलं किती शिकली हे मोजताना घोळ होतो.

सत्र संपल्या संपल्या भरून घेतलेला अभिप्राय बाजूला ठेवा, प्रोब हातात आला की सगळेच खूश असतात. चेकलिस्टही अर्धीच खरी. 'मॉरिसन्स पाउच (यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली जागा) दाखवला' यावर टिक पडते, पण यकृताचं खालचं टोक चित्रात आलेलंच नसतं, आणि पोटात साचलेलं थोडंसं पाणी बऱ्याचदा तिथेच आधी दिसतं. त्यामुळे गुण साठवलेल्या क्लिपला द्यावेत, दोन परीक्षकांनी एकमेकांचे आकडे न बघता. नेहमीच्या चुका: डेप्थ (किती खोलवरचं दाखवायचं ते) 20 सेंमीवर तशीच राहते आणि मूत्रपिंड इवलंसं दिसतं, गेन (चित्राचा उजळपणा) इतका वाढवतात की काळं पाणी करडं होतं, फासळीची सावली आली की प्रोब जोरात दाबतात. खरं तर तो किंचित तिरका करून दोन फासळ्यांमधल्या फटीत बसवायचा आणि रुग्णाला श्वास रोखायला सांगायचं, शक्यतो कोकणीत. महाधमनीचं माप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. आत गुठळी असली की मुलं फक्त काळी पोकळी मोजतात आणि 3 सेंमीच्या वरची, म्हणजे फुगलेली धमनी नॉर्मल ठरते.

फेरपरीक्षा चवथीच्या सुट्टीनंतर, न सांगता घ्या. चित्र ओळखता येतं, मिळवता येत नाही, हे तेव्हाच कळतं.

सोनोग्राफीत बघत सुई घालायच्या सरावाला विकतचा फँटम (शरीराऐवजी वापरायचा नकली नमुना) महाग पडतो, तो घरीच करा. 1 लिटर पाण्याला साधारण 100 ग्रॅम जिलेटिन आणि चमचाभर इसबगोल पुरतं. रक्तवाहिनी म्हणून पाणी भरून बांधलेलं ग्लव्हचं बोट. फेस काढून टाका, अडकलेल्या हवेमागे काहीच दिसत नाही. मे महिन्यात फ्रिजबाहेर ते लवकर लिबलिबीत होतं, पावसात बुरशी धरतं. चायना ग्रास उकाड्यात टिकतो, पण सुईने चिरतो.

प्रोब तापला की आपोआप बंद पडतो, म्हणून बोलताना चित्र फ्रीझ करा (थांबवून ठेवा). स्पिरिटने पुसू नका, अनेक प्रोबची लेन्स त्याने तडकते. कंपनीने सांगितलेलेच वाइप्स वापरा.

मशीन खिशात मावलं तरी 1994 चा लिंगनिदानबंदी कायदा त्यालाही लागू आहे: नोंदणी हवी, वापर नोंदलेल्या जागेतच, आणि सरावाला गर्भवती मॉडेल नको. मुलं एकमेकांवरच शिकणार असतील, तर कुणाच्या पित्ताशयात खडा दिसला तर ते कुणी, कुणाला सांगायचं, हे संमतिपत्रात आधीच लिहून घ्या.